दुःखाचें प्रदर्शन आणि दानधर्म

दानधर्माची थोरवी आमच्या वाचकांस नव्यानें पटवून देण्याची गरज नाहीं. परंतु दान मागण्याची व देण्याची रीत बदलली, म्हणजे दानाचा अर्थही हळूहळू बदलतो. आणि हा पालट इतका सावकाश होतो कीं, तो घडून गेल्यावरच पुष्कळदां ध्यानांत येतो. कर्करोगाच्या उपचारासाठीं मोबाइलच्या पडद्यावरून जी लोकवर्गणी सांप्रत गोळा केली जाते, तिच्यामुळें असाच एक पालट आपल्या डोळ्यांदेखत घडत आहे. तो कितपत इष्ट आहे, याचा विचार येथें करावयाचा आहे.

ज्यास क्राउडफंडिंग म्हणतात तो हा प्रकार आपल्याकडे फार जुना नाहीं. ‘मिलाप’ ही संस्था २०१० सालीं व ‘केटो’ २०१२ सालीं निघाली. अमेरिकेंतील ‘गोफंडमी’चा जन्मही २०१० चाच. रुग्णाचे आप्त एक निवेदन लिहितात. त्यास रुग्णाचें छायाचित्र, डॉक्टरांचें पत्र व खर्चाचा अंदाज जोडतात. लागणारी रक्कम ठळक आंकड्यांत मांडतात. मग तें निवेदन व्हॉट्सअॅपवरून आप्तेष्टांत आणि तेथून अनोळखी लोकांत फिरूं लागतें. रक्कम जसजशी जमते तसतशी पडद्यावरील पट्टी पुढें सरकते, आणि किती मिळाले व किती उरले हें सर्वांस दिसतें.

या साधनाची निंदा करणें सोपें आहे. पण ज्याच्या घरीं हा रोग शिरला त्यानें ती करावी असें कोण म्हणेल? कर्करोगाचा खर्च एकदां देऊन मोकळें होण्यासारखा नसतो. शस्त्रक्रिया, केमोथेरपीचीं आवर्तनें, किरणोपचार, पुन्हां तपासण्या असा तो महिनोन् महिने चालतो. रुग्णाची कमाई थांबते, त्याच्या सोबतीस राहणाराचीही थांबते. आणि परगांवाहून आलेल्यास शहरांतील खोलीचें भाडें वेगळेंच. २०१८ पासून आयुष्मान भारत योजनेखालीं पात्र कुटुंबास वर्षाला पांच लाख रुपयांपर्यंतच्या उपचाराचें संरक्षण आहे, महाराष्ट्रांत महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे. आणि या योजनांनीं पुष्कळांचा भार हलका केला आहे, हें मान्य केलेंच पाहिजे. तथापि योजनेला यादी असते, यादीला मर्यादा असते, आणि रोगाला दोन्ही ठाऊक नसतात. या फटींत सांपडलेल्या कुटुंबानें घर विकावें कीं हात पसरावा, एवढाच प्रश्न उरला, तर हात पसरण्यांत कांहींच लाजिरवाणें नाहीं.

खोट्या निवेदनांचा मुद्दाही आम्ही बाजूस ठेवितों. लबाडी हा पोलिसांचा विषय आहे. आमचा प्रश्न खऱ्या निवेदनांविषयीं आहे.

गीतेच्या सतराव्या अध्यायांत दानाचे तीन प्रकार सांगतांना देश, काल व पात्र यांचा विवेक करावयास सांगितला आहे. पैकीं पात्र कोण, यावर आपल्याकडे पुष्कळ खल झाला. पण आज हा निर्णय प्रत्यक्षांत कसा होतो तें पाहावें. बोटानें पडदा सरकवितां सरकवितां देणारा क्षणभर थांबतो, छायाचित्र पाहतो, दोन ओळी वाचतो, आणि हात पुढें करितो किंवा पुढें सरकतो. त्या अर्ध्या मिनिटांत पात्र कोण ठरतें? रक्ताचा कर्करोग झालेलें चार वर्षांचें हंसरें मूल ठरतें. आणि कोण सहसा ठरत नाहीं? हिंदुस्थानांतील पुरुषांत तोंडाच्या कर्करोगाचें प्रमाण इतर कर्करोगांहून अधिक आहे, व त्याचें मुख्य कारण तंबाखू व सुपारी हें आहे. बांधकामावर पाट्या वाहणारा, भूक मारण्यासाठीं तंबाखूचा बार भरणारा पन्नाशीचा मजूर डोळ्यांपुढें आणावा. शस्त्रक्रियेंत त्याचा अर्धा जबडा गेला आहे. त्याचें छायाचित्र लावलें तर पाहणारा मान फिरवितो. न लावलें तर विश्वास ठेवीत नाहीं. आणि कारण कळलें कीं, ‘स्वतःच ओढवून घेतलें’ असें म्हणून मोकळा होतो. त्या मुलास मिळालें हें योग्यच झालें. परंतु मजुराची गरज मुलाच्या गरजेहून कमी होती, असें कोणत्याही नीतिशास्त्रानें ठरविलें नव्हतें. तें दिसण्यानें ठरविलें.

दिसण्याच्या जोडीला ओळखही असते. ज्याचा भाऊ पुण्यांत अभियंता आहे, ज्याची वर्गमैत्रीण अमेरिकेंत आहे, ज्याला चांगलें इंग्रजी निवेदन लिहितां येतें, त्याची पट्टी पुढें सरकते. ज्याचे सर्व आप्त त्याच्याइतकेच गरीब आहेत, त्याचें निवेदन गरिबांतच फिरून परत येतें. गरज जितकी मोठी तितकी ओळख लहान, असा हा विपरीत हिशेब आहे.

हा दोष आजच्या यंत्रानें निर्माण केलेला नाहीं, हेंही प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. एके काळीं पुण्यांत गरीब विद्यार्थी माधुकरी मागून किंवा वार लावून जेवत व शिकत. त्या चालींत एक मोठा गुण होता. दारीं आलेल्या मुलानें आपल्या दारिद्र्याचें वर्णन करावें, अशी गृहिणीची अपेक्षा नसे. झोळी हेंच त्याचें निवेदन. रुढीनें त्याची लाज राखलेली असे. पण तीच झोळी कोणाच्या खांद्यावर शोभे? ज्या जातींच्या मुलांस त्या ओसरीवर पाऊलही ठेवतां येत नव्हतें, त्यांच्यासाठीं ना माधुकरी होती ना वार. सारांश, जुन्या दानांत मागणाराची अब्रू राहत असे, पण वर्तुळ जातीचें होतें. नव्या दानांत वर्तुळ वाढलेलें दिसतें, पण तें ओळखीचेंच आहे, आणि अब्रू मात्र गेली.

अब्रू म्हणतांना आम्ही खोट्या प्रतिष्ठेविषयीं बोलत नाहीं. स्तनाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कर्करोगानें पीडलेल्या स्त्रीनें आपला आजार मुलांना केव्हां व कोणत्या शब्दांत सांगावा, हें ठरविण्याचा हक्क तिचा आहे. निवेदन फिरूं लागलें कीं तो हक्क जातो. शेजाऱ्याला आधीं कळतें, मुलाला शाळेंत कळतें. पुढें देणाऱ्यांची चौकशी सुरू होते: आतां प्रकृति कशी आहे, पैसे कोठें खर्च झाले, नवें छायाचित्र कां नाहीं? हिशेब मागणें गैर नव्हे. पण रुग्णाच्या घरीं एखाद्या सणाला गोडधोड झालें, तर त्याचीही भीति त्या घराला वाटूं लागावी, हें ऋण शंभर रुपयांच्या मानानें फार जड आहे. आणि रुग्ण दगावला, तर शोकांत बुडालेल्या माणसांनींच देणाऱ्यांस तसें कळवून आभारही मानावयाचे असतात.

मग दुसरा मार्ग कोणता? त्याचें उदाहरण मुंबईंतच आहे. १९३१ सालीं लेडी मेहरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. त्यांचे पति सर दोराबजी टाटा यांनीं मागें ठेवलेल्या न्यासानें परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उभारलें. २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं तें उघडलें, आणि १९६२ सालीं त्याचा कारभार केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे गेला. एका घराचें दुःख संस्थेच्या रूपानें सर्वांच्या उपयोगी पडलें, आणि पुढें ती सर्व राष्ट्राची जबाबदारी झाली. दादरला संत गाडगे महाराजांच्या नांवानें चालणाऱ्या धर्मशाळेंत परगांवचे कर्करोगी व त्यांचे सोबती अल्प खर्चांत राहतात; तेथें जागा मिळण्यासाठीं कोणास आपली कहाणी जगभर फिरवावी लागत नाहीं. दया निवड करिते. तिला डोळे आहेत, म्हणून तिला आवडनिवडही आहे. न्यायाला नियम असतो, म्हणून त्याच्यापुढें मजूर व मूल एका रांगेंत उभे राहूं शकतात.

यावर कोणी म्हणेल, संस्था उभी राहण्यास दहा वर्षें लागतात; माझ्या शेजाऱ्याचें पुढचें आवर्तन येत्या सोमवारीं आहे. हा आक्षेप बिनतोड आहे. म्हणून द्यावें, समोर आलेल्यास आजच द्यावें. तत्त्वाच्या नांवाखालीं खिसा बंद करणाराला या लेखाचा आधार मिळूं नये. परंतु देणारानें स्वतःवर कांहीं बंधनें घालून घ्यावीं, असें आमचें म्हणणें आहे. खात्री करावयाची तर रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाकडे करावी. रुग्णाच्या अश्रूंत पुरावा शोधूं नये. ज्याचा चेहरा पाहून एक रुपया दिला, त्याच्याबरोबर ज्याचा चेहरा कधींच दिसणार नाहीं त्याच्यासाठींही एक रुपया गरीब रुग्णांच्या सामायिक निधींत टाकावा. आणि पैशाइतकीच मोलाची एक मदत आहे, ती माहितीची. महाराष्ट्रांतील धर्मादाय रुग्णालयांनीं दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठीं विनामूल्य व दहा टक्के दुर्बल घटकांसाठीं सवलतीच्या दरानें राखून ठेवाव्यात, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयानें २००६ सालीं लागू केली आहे. हा हक्क ज्यांच्यासाठीं आहे त्यांतील कित्येकांस तो ठाऊकच नसतो. कागदपत्रें घेऊन अशा रुग्णालयाच्या कचेरींत रुग्णाबरोबर एक दिवस बसणारा सुशिक्षित मनुष्य, पांचशें रुपये पाठवून निवेदन पुढें ढकलणाराहून अधिक काम करितो.

सर्वांत शेवटचें बंधन मनाचें आहे. आपण वर्गणी दिली म्हणजे आपलें नागरिक या नात्याचें कर्तव्य संपलें, असें समजूं नये. २०२१ सालीं ‘गोफंडमी’चे प्रमुख टिम कॅडोगन यांनींच अमेरिकेच्या काँग्रेसला उद्देशून एक उघडा लेख लिहिला. कोरोनाच्या संकटांत लोक परस्परांस देत असलेली मदत सरकारी साह्याची जागा घेऊं शकत नाहीं, असा त्याचा आशय होता. ज्याचें दुकान वर्गणीवर चालतें तोच असें सांगतो, तेव्हां त्याकडे कानाडोळा करूं नये. आपल्याकडेही सरकारी रुग्णालयांत किरणोपचाराचीं यंत्रें किती आहेत, तीं किती दिवस बंद असतात, योजनेच्या यादींत कोणतीं औषधें आहेत, हे प्रश्न मत मागावयास येणाऱ्यांस विचारणें हेंही कर्करोग्याला केलेलें साह्यच होय. तें विचारणारे थोडे आहेत, कारण त्यांत कोणाचें छायाचित्र नसतें आणि कोणी आभारही मानीत नाहीं.

पट्टी पुरी भरली म्हणजे आपणांस बरें वाटतें, आणि वाटावेंही. परंतु अर्धा जबडा गेलेला तो मजूर त्याच सुमारास कोठेंतरी पदपथावर झोपलेला असतो. त्याच्याविषयीं आपणांस कळवळा वाटो न वाटो, किरणोपचाराच्या खोलींत त्याची पाळी आली पाहिजे.