त्र्याहत्तर

नोव्हेंबर 2025 मधल्या एका रविवारी मी टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पहिला पेपर दिला. वय 48, झेडपीच्या नोकरीला 24 वर्षं. पुढच्या बाकावर नुकतंच डी.एल.एड. (आमच्या वेळचं डी.एड.) झालेली एक मुलगी होती. तिने मागे वळून विचारलं, "मॅडम, तुम्ही सुपरव्हिजनला का?" मी हॉलतिकीट दाखवलं. ती बिचारी ओशाळली. खरं तर ओशाळण्यासारखं त्यात काही नव्हतं.

1 सप्टेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरला आहे, त्या सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचं. पाच वर्षांच्या आत असलेल्यांना निवृत्तीपर्यंत राहता येईल, पण टीईटीशिवाय बढती नाही. टीईटीची अट मुळात 2010 ची, शिक्षण हक्क कायद्यामागोमाग आलेली. महाराष्ट्रात पहिली टीईटी झाली 2013 मध्ये. आमची नेमणूक त्याच्या कितीतरी आधीची, तेव्हा ही अट आपल्याला नाही, असंच आम्ही धरून चाललो होतो.

निकालानंतर केंद्रातल्या गटसंमेलनात दुसरा विषय निघालाच नाही. 'इतकी वर्षं शिकवलं ते काय मग?' हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकाने विचारला. तो राग मला कळतो. पण मला स्वतःला ही परीक्षा अपमानाची वाटली नाही. रोजंदारीवर जाणारा बाप सहा वर्षांचं लेकरू माझ्या हवाली करतो. या बाईंना येतं का, हे कुणीतरी तपासलेलं असावं, एवढा त्याचा हक्क आहेच. माझं म्हणणं वेगळं आहे. ते सांगायला मला 1998 सालापर्यंत मागे जावं लागेल.

त्या वर्षी मी गणित घेऊन बी.एस्सी. झाले आणि डी.एड.ला प्रवेश घेतला. डी.एड. बारावीवर करायचं; पदवीनंतर मुली बी.एड. करून हायस्कूलला लागत. "बी.एस्सी. होऊन पहिली-दुसरीला शिकवणार?" असं मामांनी विचारलं, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी काही ध्येय वगैरे धरून गेले नव्हते. झेडपीच्या जागा लवकर निघत आणि घरात पगाराची गरज होती. एकक-दशक शिकवायला दोन वर्षांचं ट्रेनिंग कशाला लागतं, असंही मनात होतं.

आधी सूक्ष्म पाठ झाले. पाच-सात मिनिटांचा पाठ, वर्गमैत्रिणीच विद्यार्थी होऊन समोर बसायच्या. मग खऱ्या शाळेतले सराव पाठ सुरू झाले. नगरपालिकेची शाळा, दुसरीचा वर्ग, चाळीसेक मुलं. मागच्या भिंतीला टेकून आमच्या अध्यापक विद्यालयाच्या बाई, मांडीवर माझी पाठटाचणाची वही. मी संख्या सांगायची, मुलांनी पाटीवर लिहायची. मी म्हटलं, "त्र्याहत्तर." पाट्या वर झाल्या. कुणाचे 73, कुणाचे 37. मी रांगांमधून फिरले, 73 वाल्यांना शाबासकी दिली, 37 वाल्यांकडून पाच-पाच वेळा लिहून घेतलं. पाठ वेळेत संपला. मी खूश होते.

मुलं सुटायच्या आधी बाई पुढे आल्या. "73 लिहिणाऱ्यांपैकी आधी तीन कुणी काढला?" मला प्रश्नच समजला नाही. त्यांनी तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीला जवळ बोलावलं. मी तिला नुकतीच शाबासकी दिली होती. तिला पुन्हा त्र्याहत्तर लिहायला सांगितलं. तिने पाटीच्या मधोमध तीन काढला. मग हात उचलून डावीकडे नेला आणि मोकळ्या जागेत सात बसवला. नंतर 37 लिहिलेला एक मुलगा आला. त्यानेही आधी तीनच काढला, फक्त सात उजवीकडे काढला. बाईंनी दोघांपुढे काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे ठेवले, सुट्या काड्या ठेवल्या आणि त्र्याहत्तर काड्या मागितल्या. दोघांनीही तीन गठ्ठे उचलले आणि सात सुट्या काड्या.

आपण बोलताना आधी एकक उच्चारतो, लिहिताना आधी दशक लिहितो. त्र्याहत्तर, ब्याण्णव, सदुसष्ट, सगळीकडे हेच. मुलं ऐकू आलं त्या क्रमाने लिहीत होती. मुलीला जागा सोडायची खूण सापडली होती, मुलाला नव्हती. दशक दोघांनाही कळला नव्हता आणि मी एकीला शाबासकी देऊन दुसऱ्याला शिक्षा करून मोकळी झाले होते. "उत्तर काय तपासतेस? हात बघ," बाई म्हणाल्या. वहीत लाल शाईने दोनच शब्द होते: हात पाहणे. पदवीपर्यंत मी कलन शिकले, पण ही गोष्ट मला कुणी शिकवली नव्हती.

म्हणूनच बी.एड. मोठं की डी.एड., या वादात मी नेहमी डी.एड.च्या बाजूने बोलत आले. 2018 मध्ये एनसीटीईने (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने) बी.एड. झालेल्यांना पहिली ते पाचवीचं दार उघडलं, नेमणुकीनंतर सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम करायच्या अटीवर. ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बंद केलं. बी.एड. हे प्राथमिकच्या मुलांसाठी घडवलेलं शिक्षणच नाही, असं न्यायालयाने सांगितलं. बी.एड. झालेल्या कितीतरी होतकरू मुलामुलींच्या आशा त्यात मोडल्या, आणि त्यांच्याबद्दल मला वाईट वाटतं. पण निर्णय बरोबर होता. पहिलीचं मूल हे आठवीच्या मुलाचं धाकटं रूप नसतं. त्याच्याकडे बघायची नजर वेगळी कमवावी लागते.

2001 मध्ये मी शिक्षणसेवक म्हणून मोखाड्यातल्या एका पाड्यावर रुजू झाले. मानधन महिन्याला 3000 रुपये, तीन वर्षं. चार इयत्ता, आम्ही दोघं शिक्षक. दिवाळी झाली की निम्मी मुलं आईबापांबरोबर वीटभट्टीवर जायची, पट ओसरायचा. घरी वारली बोलणारी मुलं पुस्तकातल्या मराठीपुढे गप्प बसत. त्यांना काही येत नाही असं समजणं फार सोपं होतं. डहाणू तालुक्यातलं कोसबाड त्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या ठाण्यात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तिथे शाळा मुलांच्या अंगणात नेली, गुरं चारायला जाणाऱ्यांसाठी कुरणात नेली. डी.एड.ला हे परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. पाड्यावर गेल्यावर कळलं की मूल जिथे आहे तिथे आधी मास्तराने जायचं असतं.

2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी संख्यावाचनाची पद्धत सुचवली गेली, तेव्हा राज्यभर गहजब झाला. भाषा बुडाली इथपर्यंत लोक गेले. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची अडचण शांतपणे समजावून सांगत होत्या. मला ती पाटी आठवत होती, मधोमध काढलेला तीन.

आता टीईटी. दीडशे प्रश्न, दीडशे मिनिटं: बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित, परिसर अभ्यास, प्रत्येकी तीस गुण. खुल्या प्रवर्गाला साठ टक्के हवेत. दोन महिने रात्री भाकऱ्या झाल्या की मी अभ्यासाला बसायचे, आणि त्याचा मला उपयोग झाला. बालमानसशास्त्रज्ञ पियाजे मी पंचवीस वर्षांनी पुन्हा वाचला. दुसऱ्या दिवशी पहिलीतल्या एका पोरापुढे सहा-सहा चिंचोक्यांच्या दोन ओळी मांडल्या. सारख्या आहेत, म्हणाला. मग त्याच्या डोळ्यांदेखत एक ओळ लांबवली. आता ही जास्त, असं त्याने खात्रीने सांगितलं. मोजून दाखव म्हटलं, तर दोन्ही सहा मोजले आणि तरीही लांब ओळीवर बोट ठेवलं. मी पुस्तक मिटवून कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

पण हे मी केलं का, हे उत्तरपत्रिका सांगू शकत नाही. तिथे चार पर्याय असतात आणि एक गोल काळा करायचा असतो. 'अशा वेळी शिक्षकाने काय करावे?' याचं बरोबर उत्तर घोकून येतं. माझ्या त्या पाठात 73 ला मी जशी शाबासकी दिली, तसंच हे आहे. उत्तर दिसतं, हात दिसत नाही.

डी.एड.च्या दोन वर्षांत माझा प्रत्येक पाठ कुणीतरी मागे बसून पाहिला. नोकरीच्या चोवीस वर्षांत तपासणीला आलेल्यांनी हजेरीपट पाहिला, शालेय पोषण आहाराची नोंदवही पाहिली, ऑनलाइन माहिती भरली का ते विचारलं. एक पाठ सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून पाहिला, असं फक्त दोनदा झालं. त्यातल्या एका केंद्रप्रमुखांनी नंतर माझ्याशी अर्धा तास त्या पाठावरच चर्चा केली. त्या अर्ध्या तासाने मला जे दिलं, ते कुठल्याही प्रमाणपत्राने दिलं नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात 2030 पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. ही शिक्षकाची किमान पात्रता करायचं ठरलं आहे. चार वर्षं मिळणार असतील तर उत्तमच. त्यातला मोठा वाटा वर्गात जावा, लहान मुलांच्या वर्गात, आणि मागे कुणीतरी जाणतं माणूस बसलेलं असावं. सेवेतल्यांची टीईटी घ्या, अवश्य घ्या. पण वर्षातून एकदा तरी कुणी येऊन बसा आमच्या वर्गात, आणि मग बोला आमच्याशी.

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी सोमवार होता. परिपाठ झाला, दुसरीची मुलं पाट्या घेऊन बसली. मी म्हटलं, "चौऱ्याऐंशी." आणि खिडकीजवळच्या मुलीच्या मागे जाऊन उभी राहिले. तिने पेन्सिल ओठाला लावली, थांबली. पाटीच्या मधोमध चार आला. मग हात डावीकडे सरकला.

मी कपाटातून काड्यांच्या गठ्ठ्यांचा डबा काढला.