‘खेळते’ हे उत्तर का पुरत नाही?

आपल्याकडे पोरींना शहाणपण शिकवताना एक म्हण हमखास निघते : हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये. सतरा वर्षांची, फुटबॉल खरंच चांगला खेळणारी एखादी मुलगी बारावीनंतर म्हणाली, की मला कॉलेज नको, क्लबकडून खेळायचंय, तर ही म्हण तिला घरात ऐकावी लागते, शाळेत ऐकावी लागते आणि एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईकडूनही ऐकावी लागते. म्हणीवर माझा राग नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या तोट्यातून आलेलं शहाणपण आहे ते. मला एवढंच विचारायचंय, की या मुलीच्या बाबतीत हातचं कोणतं आणि पळतं कोणतं, हे ठरवलं कुणी?

आधी पळत्याकडे नीट बघू. कारण ‘पॅशन फॉलो कर’ म्हणणारे लोक आकड्यांपाशी आले की गप्प होतात.

भारतात बायकांच्या फुटबॉलची वरची स्पर्धा म्हणजे इंडियन विमेन्स लीग. २०१६-१७ ला ती सुरू झाली. २०२३ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने जाहीर केलं, की या लीगमधल्या प्रत्येक क्लबने किमान दहा भारतीय खेळाडूंशी वर्षाला किमान ३ लाख २० हजारांचा करार करावा. म्हणजे महिन्याला साडेसव्वीस हजारांच्या आसपास. क्लब आठ धरले तर अशा हमीच्या जागा झाल्या ८०. अख्ख्या देशात. २०२४-२५ च्या हंगामात आठ संघ होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला १४ सामने आले. त्या आठांत महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता. काही वर्षांपूर्वी एफसी कोल्हापूर सिटी या लीगमध्ये खेळून गेला होता. २०२२ मध्ये आशिया चषकाचे सामने आपल्या बालेवाडीत झाले, त्याच वर्षी सतरा वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आला. मैदानं आपली होती. पण बारामती-इंदापूरच्या मुलीला या खेळावर पोट भरायचं तर बंगाल, ओडिशा, केरळ, तमिळनाडू, कर्नाटक किंवा दिल्ली गाठावी लागणार.

तेव्हा आईबाप घाबरतात, ते उगाच नाही. गुडघ्यातला एक लिगामेंट तुटला तर ऐंशीतली ती एक जागाही गेली. हे मान्य केल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही.

आता हातच्याकडे बघू.

‘कॉलेज की प्रोफेशनल’ हा प्रश्न आपण अमेरिकेकडून जसाच्या तसा उचललेला आहे. तिथे १९७२ साली टायटल नाइन नावाचा कायदा आला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगा-मुलगी असा भेदभाव करता येणार नाही, असं त्याने सांगितलं. त्यातून कॉलेजांमध्ये मुलींचे संघ, मैदानं, प्रशिक्षक आणि शिष्यवृत्त्या उभ्या राहिल्या. त्यामुळे तिथे कॉलेज हाच फुटबॉलचा हमरस्ता होता. २०१२ मध्ये लिंडसी होरान नावाची अठरा वर्षांची मुलगी नामांकित विद्यापीठाची जागा नाकारून थेट पॅरिसच्या क्लबकडे गेली, तेव्हा म्हणूनच एवढी चर्चा झाली. तिच्यापुढे खेळाकडे जाणारे दोन रस्ते होते आणि तिने त्यातला कमी मळलेला घेतला.

आपल्या मुलीपुढे असे दोन रस्ते नाहीत. आपल्या कॉलेजात खेळ आहे तो विद्यापीठाच्या स्पर्धांपुरता, क्रीडा सवलतीच्या गुणांपुरता आणि पुढे सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणापुरता. ते आरक्षण मोलाचं आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण रोज दोन वेळा सराव, आहारतज्ज्ञ, फिजिओ हे बहुतेक कॉलेजांत मिळत नाही.

मग गंमत बघा. पदवी आणि फुटबॉल यांचं भांडण खरं म्हणजे एवढं मोठं नाहीच. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. नोकरी करणारे, शेती करणारे, मुलं सांभाळणाऱ्या बाया तिथून पदवीधर झाल्या. क्लबकडून खेळणारी मुलगीही होऊ शकते. भारताची गोलरक्षक अदिती चौहान शिकायला म्हणून इंग्लंडच्या लफबरो विद्यापीठात गेली आणि २०१५ मध्ये तिथेच वेस्ट हॅमच्या महिला संघाकडून खेळली. दोन्ही गोष्टी एकत्र बसतात. तरी घराघरात हे भांडण इतकं कडू का होतं?

याचं उत्तर मला माझ्या मामीने दिलं. तिने ते उत्तर म्हणून दिलं नव्हतं.

माझी मामेबहीण इंदापूर तालुक्यात राहते, शिकायला बारामतीला ये-जा करते. मधल्या फळीत खेळते. चेंडू पायात आला की तिला आधीच ठाऊक असतं तो पुढे कुणाला द्यायचाय. राज्याबाहेरच्या एका क्लबच्या निवड चाचणीला जायचं तिच्या मनात आहे. मी मुक्त विद्यापीठाचा मुद्दा मामीपुढे मांडला. फी किती, परीक्षा कधी, सगळं सांगितलं. मामी भाकरी थापता थापता म्हणाली, “तुझं खरंय गं. पण पाव्हणं आलं आणि त्यांनी इचारलं, पोरगी काय करती, तर मी काय सांगू? बी.एस्सी.ला हाय म्हणलं की माणूस गप बसतो. फुटबॉल खेळती म्हणलं की म्हणतो, बरं, आणि मग?”

‘आणि मग?’ या दोन शब्दांत सगळं आलं.

गावाकडच्या मुलीसाठी कॉलेज म्हणजे पदवी असते, मैत्रिणी असतात, क्वचित ज्ञानही असतं. त्याहून आधी ते स्थगिती असते. ‘शिकतीये’ म्हटलं की स्थळांची चौकशी एका वर्षापुरती थांबते. फर्स्ट इयर, सेकंड इयर, थर्ड इयर अशी ती स्थगिती दरवर्षी वाढवून घेता येते. कितीतरी मुलींनी एम.ए. केलंय ते एम.ए.साठी नाही, आणखी दोन वर्षं मिळावीत म्हणून. आईला हे कळतं. ती बोलत नाही, पण फॉर्म भरायला पैसे देते. ‘कॉलेज सोडू नकोस’ असं मामी म्हणते, तेव्हा लेकीच्या स्वप्नावर तिचा अविश्वास नसतो. लेकीच्या डोक्यावरचं छप्पर तिला काढू द्यायचं नसतं.

म्हणून मला वाटतं, आपण चुकीच्या प्रश्नावर वाद घालतोय. कॉलेज की फुटबॉल, हा प्रश्न वरवरचा. खरा प्रश्न असा, की अठरा ते बावीस ही मुलीची चार वर्षं कुणाच्या नावावर आहेत? आणि ती वाया गेली तर तो तोटा कुणी सोसायचा?

तोटा सोसणं आपल्या भागाला नवीन नाही. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावला की तुटायला दीड वर्ष लागतं. मध्ये पाणी कमी पडू शकतं, तोड लांबू शकते. त्यावर सोसायटीचं कर्ज मिळतं. इंदापूरच्या डाळिंबाच्या बागांवर तेल्या आला, लोकांनी हाताने वाढवलेली झाडं उपटून बांधावर टाकली आणि काहींनी पुन्हा रोपं लावली. त्यांना कुणी जुगारी म्हटलं नाही. आपण त्यांना जिद्दी म्हटलं.

बरं, शेती सोडा. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये जा. एमपीएससीची तयारी करणारा मुलगा तिथे चार वर्षं, सहा वर्षं काढतो. जागा थोड्या, अर्ज लाखांत. घरून महिन्याचे पैसे येतात. त्याला हातचं-पळतं ऐकवलं जातं का? फारच क्वचित. तो ‘प्रयत्न’ करत असतो. अपयश आलं तरी त्या अपयशाला मान आहे; गावात परतल्यावर कुणी तरी म्हणतं, बिचारा दोन मार्कांनी हुकला. फुटबॉलमधून हुकलेल्या मुलीसाठी अशा वाक्याची सोय आपण अजून केलेली नाही.

म्हणजे धोका आपल्याला चालतो. शक्यता कमी असणंही चालतं. मुलीने स्वतःच्या शरीराच्या बळावर धोका घेणं तेवढं चालत नाही.

पैसा आला की हे बदलतं, हेही खरं. फेब्रुवारी २०२३ मध्ये सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनाला विमेन्स प्रीमियर लीगच्या लिलावात ३ कोटी ४० लाख मिळाले आणि क्रिकेट खेळणाऱ्या मुलींच्या घरातला ‘आणि मग?’ बराच खाली आला. पण असं उत्तर मला पुरत नाही. पैसा आल्यावर मान द्यायचा, तर मान पैशालाच दिला ना?

इथे ब्रिटिश तत्त्ववेत्ता बर्नार्ड विल्यम्सची आठवण होते. १९७६ च्या एका निबंधात त्याने नैतिक नशिबाचा मुद्दा मांडला. गोगँ नावाचा चित्रकार बायकापोरांना मागे टाकून दूर बेटावर चित्रं काढायला जातो. त्याने बरोबर केलं का? विल्यम्स म्हणतो, हे निघताना सांगताच येत नाही. चित्रकार म्हणून तो यशस्वी झाला तरच त्याच्याजवळ समर्थनासारखं काही असेल, आणि यश पूर्णपणे त्याच्या हातात नाही.

आपण पोरींबाबत नेमकं हेच करतो. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, दहावी आली, पुढे महसूल खात्यात अधिकारी झाली. आज तिच्या निर्णयाला चूक म्हणणारा माणूस शोधून सापडणार नाही. पण तिच्यासारख्याच पहाटे उठून धावलेल्या आणि तालुक्याच्या पुढे न गेलेल्या मुलींचं काय? त्यांचं धावणं चूक होतं?

म्हणून मुलीच्या बाजूने बोलताना मी आता जिंकलेल्यांची उदाहरणं द्यायचं टाळते. होरान पुढे विश्वविजेती झाली, जुलै २०२५ मध्ये आपल्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच घरी २-१ ने हरवून आशिया चषकात जागा मिळवली. हे सगळं ऐकून ऊर भरून येतो, पण निर्णय बरोबर होता की नाही याचा तो पुरावा नाही. ती हरली तरी जे योग्य ठरेल, तेच निघताना योग्य असतं.

मग निघताना काय बघायचं? माझ्यापुरतं मी एक माप ठरवलंय : परत येण्याचा रस्ता उघडा आहे का? करार कागदावर आहे का, किती महिन्यांचा आहे. दुखापत झाली तर उपचाराचा खर्च क्लबचा की मामाचा. मुक्त विद्यापीठात नाव घातलंय का. किती हंगाम बघायचे, दोन की तीन, हे आधी बोललंय का. आणि सगळ्यात अवघड गोष्ट, घरातल्या कुणीतरी तिला जायच्या आधी सांगितलंय का, की नाही जमलं तरी ये, कुणी काही म्हणणार नाही.

हे बंधन दोन्ही बाजूंना आहे. ‘माझं आयुष्य, माझा निर्णय’ हे वाक्य पुण्यात बसून स्टेटसला ठेवायला सोपं आहे. सतरा वर्षांच्या मुलीचे बूट, प्रवास, खुराक यांत मामाच्या उसाच्या बिलाचा वाटा आहे, धाकट्या भावाच्या फीचाही आहे. ज्यांच्या जिवावर आपण धोका घेतो, त्यांना हिशेब विचारायचा हक्क असतो. लग्नाचा निर्णय घ्यायचा हक्क मात्र त्या हिशेबात बसत नाही, आणि नेमकी इथेच आपल्या घरांत गल्लत होते.

दर आषाढात तुकोबांची पालखी बारामतीवरून इंदापूरकडे जाते. वाटेत बेलवाडीला गोल रिंगण होतं. अश्व धावतात, पताकावाले धावतात आणि डोक्यावर तुळशी वृंदावन घेतलेल्या बायकाही नऊवारी सावरत धावतात. त्यांत चाळिशीच्या असतात, साठीच्याही असतात. कडेला उभं राहून हात जोडणाऱ्या हजारो माणसांपैकी एकही जण त्यांना विचारत नाही, ‘बरं, आणि मग?’ धावण्यासाठी धावणाऱ्या बाईला मान द्यायचं आपल्याला ठाऊक आहे. वर्षातून एक दिवस, त्या एका मैदानात, आपण तो देतो.

हातचं काय, या प्रश्नाकडे आता पुन्हा बघता येईल. सतराव्या वर्षी हातात असतात ते गुडघे, तो दम, ती नजर. पंचविशीत ते मागून मिळत नाहीत. पदवी पंचविशीतही मिळते. म्हण खोटी नाही, आपण ती उलटी लावतोय. पण जोवर ‘शिकतीये’ हेच मुलीचं एकमेव छप्पर आहे, तोवर तिला म्हणीचा खरा अर्थ समजावून काही उपयोग नाही. तो पाहुण्यांना समजावावा लागेल.

मामीला मी एवढंच सुचवलं, की पुढच्या वेळी कुणी विचारलं तर ‘खेळती’ म्हणायचं आणि चहा ठेवायला आत जायचं. ती हसली. म्हणाली, “बघू. पयल्यांदा तुझ्या मामाला सांगून बघते.”