नेमाचा दिवा आणि शोधाचा दिवा

जी वस्तू केवळ प्राण घेण्याच्या कामी यावयाची, तिच्या निवडीत धर्माधर्माचा विचार संभवतो काय, हा प्रश्न प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटण्याजोगा आहे; कारण हिंसा सर्वस्वी निषिद्ध मानणाऱ्याला तिच्या साधनांत डावे-उजवे करण्याचे प्रयोजन उरत नाही, आणि तिचा विधिनिषेध न बाळगणाऱ्याला साधन जितके प्रभावी तितके ते उत्तम, असे आयते उत्तर मिळते. परंतु मनुष्याचे पुष्कळसे आयुष्य या दोन टोकांच्या मधल्या मुलखात जाते, आणि नीतिविचाराची कसोटीही तेथेच लागते. इंग्लंडातील एखादा शेतकरी रात्री सशांच्या पारधीस निघण्यापूर्वी रायफलीवर बसवावयाची विजेरी निवडतो, तेव्हा, त्याला जाणीव असो वा नसो, काय पाहिल्यावर मारावयाचे आणि काय पाहिल्यावाचून मारावयाचे नाही, याचा करारच तो स्वतःशी करीत असतो.

तिकडचा हा ससा आपल्या माळरानावरील सशाहून निराळा आहे. आपला ससा उघड्यावर गवतात दबून राहतो. तिकडचा मात्र जमिनीत बिळांचे जाळे पोखरून समूहाने राहतो, दिवसाचा बराच काळ आत दडून काढतो आणि अंधार पडू लागताच बाहेर येऊन कोवळ्या पिकाचा फन्ना उडवितो. 1880 च्या ग्राउंड गेम ॲक्टाने असे ससे मारण्याचा हक्क, जमीनमालकाच्या मर्जीवर न ठेवता, जमीन कसणाऱ्यास बहाल केला. मात्र त्याच कायद्याने सूर्यास्तानंतर एक तास उलटल्यापासून सूर्योदयास एक तास उरेपर्यंत त्यांच्यावर बंदूक चालविण्याची मनाई केली, आणि ती मनाई कुळापुरती व त्याने लेखी अधिकार दिलेल्या एका इसमापुरती सशर्त शिथिल होण्यास 1981 साल उजाडावे लागले. दरम्यान 1953 मध्ये मिक्सोमॅटोसिस नावाचा रोग ब्रिटनमध्ये शिरला, आणि पापण्या सुजून आंधळे झालेले असंख्य ससे दिवसचे दिवस खितपत मेले. 1954 च्या पेस्ट्स ॲक्टाने एकीकडे सशांच्या बंदोबस्ताची जबाबदारी शेतकऱ्यावर टाकली, तर दुसरीकडे रोगट ससा सोडून जाणूनबुजून साथ पसरविणे हा गुन्हा ठरविला. मारण्याचा हुकूम आणि मारण्याच्या एका रीतीचा निषेध असे एकाच कायद्यात शेजारी शेजारी नांदतात, तेव्हा साधनांत डावे-उजवे करता येते, हे तत्त्व त्या देशाने कागदोपत्री मान्य केले असेच म्हणावयाचे.

आता प्रत्यक्ष विजेरीकडे वळू. दुकानदार जो आकडा अभिमानाने सांगतो तो बहुधा लुमेनचा, म्हणजे दिव्यातून चहूकडे मिळून किती प्रकाश बाहेर पडतो त्याचा असतो. परंतु दूरच्या एका ठिकाणी तो किती एकवटेल, हे झोताच्या तीव्रतेवर अवलंबून असते आणि ती कँडेलात मोजली जाते. त्यातही, मंदगती काडतुसाच्या .22 रायफलीने ससा मारावयाचा तो साधारण पन्नास-साठ मीटरांच्या आत, आणि परवान्याशिवाय बाळगता येणाऱ्या बारा फूट-पौंडांच्या हवाई रायफलीने त्याहूनही बराच जवळून; तेव्हा शेताच्या पलीकडचा डोंगर उजळणारा दिवा येथे निरुपयोगीच नव्हे तर अपायकारक ठरतो, कारण नळीवर आणि जवळच्या गवतावर आदळून परतणारा प्रकाश नेम धरणाऱ्याचेच डोळे दिपवितो. तांबड्या रंगाचे ज्ञान सशाच्या डोळ्याला फार अल्प. म्हणून पांढऱ्या झोताचा वारंवार अनुभव घेऊन बिचकू लागलेल्या कळपावर तांबडा झोत वापरतात. पण त्या तांबड्या उजेडात माणसालाही बारकावे कमी दिसतात, आणि जनावराला फसविण्यासाठी पत्करलेला रंग फसविणाऱ्याच्या ज्ञानातही तूट आणतो, ही गोष्ट व्यवहारी शिकाऱ्याप्रमाणे तत्त्वचिंतकानेही टिपून ठेवण्यासारखी आहे.

दिव्याच्या बाजूने बोलावयाचे तर दशरथाइतका बलवान साक्षीदार दुसरा नाही. शरयूच्या काठी अंधारात घागर भरल्याचा आवाज ऐकून त्याने हत्ती समजून बाण सोडला, आणि तो लागला एका तपस्व्याच्या पुत्राला. दशरथाचा हेतू मुनिकुमाराला मारण्याचा नव्हता, तरीही रामायणाने त्याला दोषमुक्त केले नाही. शब्दवेधाच्या विद्येवर विसंबून त्याने न पाहता मारले, एवढ्यानेच शाप सार्थ झाला. जैन आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला जे मध्यवर्ती स्थान दिले आहे, त्याचे मर्म हेच होय: प्राणहानी ही हिंसेची बाह्य खूण झाली, तिचे मूळ बेसावध चित्तात असते. या दृष्टीने, कुंपणाआड चमकणारे दोन डोळे सशाचे, मांजराचे की शेजाऱ्याच्या कोकराचे, आणि त्यामागे गोळी अडविणारा मातीचा बांध आहे की मोकळा रस्ता, हे दाखविणारा प्रकाश म्हणजे प्रमादावरचा उताराच होय, कारण .22 ची चिमुकली गोळी हुकली तर मैलभर जाऊ शकते, आणि कठीण जमिनीवरून उसळून भलतीकडे वळण्याची तिची खोड प्रसिद्ध आहे.

परंतु हाच दिवा रायफलीवर चढला की एक विलक्षण घोटाळा उत्पन्न होतो. पूर्वीची रीत दोघांची असे: एकाने हातात दिवा धरून शेत न्याहाळावयाचे आणि दुसऱ्याने बंदूक सांभाळावयाची; दाखविणारा आणि मारणारा भिन्न असल्यामुळे दोघांमध्ये एखादा शब्द, निदान एखादा श्वास, अपरिहार्यपणे येई. विजेरी नळीशी जखडली गेल्यावर शिकारी एकटा निघू लागला, आणि त्याची दृष्टी जेथे जाईल तेथे नळीचे तोंडही जाऊ लागले. मग अंधारातून आवाज आला की तो ‘कोण आहे’ हे पाहण्यासाठी रायफलच रोखतो, आणि वाटेवरून येणारा गडी किंवा बिळापाशी आलेला पाळीव कुत्रा, ओळख पटण्याच्या आधीच लक्ष्य होऊन बसतो. दशरथाने न पाहता रोखले. हा पाहण्यासाठी रोखतो. पहिल्याचा दोष अज्ञानाचा होता. दुसऱ्याच्या बाबतीत ज्ञान मिळविण्याची क्रियाच हिंसेच्या पवित्र्यातून सुरू होते, आणि म्हणून तो दोष मला अधिक सूक्ष्म व अधिक घातक वाटतो.

महाभारताच्या द्रोणपर्वातील रात्रियुद्ध येथे आठवल्यावाचून राहत नाही. चौदाव्या दिवशी सूर्य मावळूनही लढाई थांबेना, तेव्हा दुर्योधनाने पायदळाला शस्त्रे खाली ठेवून हाती दिवे घेण्यास फर्माविले. कौरवांच्या प्रत्येक रथावर पाच, प्रत्येक हत्तीवर तीन आणि प्रत्येक घोड्यावर एक असे दीप लागले. त्या प्रकाशामुळे स्वकीय-परकीय ओळखता आले हे खरे, पण त्याच प्रकाशामुळे, एरवी रात्रीने आपसूक थांबविला असता तो संहार चालू राहिला, हेही तितकेच खरे. दिवा हा जात्या निरपराध असतो ही आपली समजूत या प्रसंगाशी ताडून पाहण्याजोगी आहे. 1880 च्या इंग्रजी कायद्याने रात्र ही सशाला दिलेली एक प्रकारची सनद मानली होती. विजेरीने ती रद्द केली.

यावर आक्षेप येईल की, मारण्याचे ठरल्यावर प्रकाशाच्या या चिकित्सेला अर्थ काय? जैन आचारशास्त्राने गृहस्थाच्या हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे जे चार प्रकार मानले आहेत, त्यांच्या आधारे उत्तर शोधता येईल. केवळ मारण्याच्या इच्छेने केलेली संकल्पी हिंसा गृहस्थालाही सर्वथा वर्ज्य. शेतीसारख्या व्यवसायात घडणारी उद्योगी हिंसा मात्र त्याला पूर्णपणे टाळता येत नाही, असे तेथे मान्य केले आहे. समजून उमजून रोखलेल्या रायफलीला उद्योगी वर्गात बसविणे कोणाही जैन मुनीला रुचणार नाही, आणि मीही ती मखलाशी करणार नाही. परंतु पीक राखण्यासाठी निघालेला मनुष्य पीक विसरून शिकारीचे आकडे मोजू लागला, की त्याची उरलीसुरली सबब संपते आणि निव्वळ संकल्प शिल्लक राहतो, एवढे या वर्गीकरणावरून निश्चित शिकता येते. आणि हे संक्रमण ज्या साधनाने सुलभ होते ते साधन, कितीही उत्तम बनावटीचे असले तरी, नाकारण्यास योग्य होय. शिवाय ऐन विणीच्या हंगामात झोतापुढे आलेली मादी आणि नर यांत सर्वांत प्रखर दिवाही भेद दाखवीत नाही, आणि बिळातली पोरकी होणारी पिले तर कोणत्याच प्रकाशात दिसत नाहीत. त्यांचा विचार दिवा विझलेला असतानाच, म्हणजे हंगाम ठरविताना, करावा लागतो.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आता सशावर विजेरी रोखण्याचा प्रश्नच मिटला आहे, आणि तो तसा मिटला याचा मला संतोष आहे. पण ज्या देशात कायदा शेतकऱ्याला मारण्यास सांगतो, तेथील मनुष्याने माझा सल्ला विचारला तर मी दोन दिवे घेण्यास सांगेन. शोधाचा दिवा बंदुकीपासून अलग, कपाळावर किंवा हाती असावा, आणि त्याच्या उजेडात ‘मारू नये’ असा निर्णय घेण्यास पुरेशी सवड असावी. नेमाचा दिवा रायफलीवर असावा, पण तो मंद करता येणारा, न वाजणाऱ्या कळीचा आणि निर्णय झाल्यावरच पेटणारा असावा. आवाक्याबाहेर तो काहीच दाखवीत नसेल तर ती त्याची उणीव न मानता मर्यादा मानावी, कारण जेथवर गोळी खात्रीने व क्षणात प्राण घेईल त्यापलीकडचे लक्ष्य दाखविणारा उजेड जखमी होऊन बिळात कुजणाऱ्या सशांची संख्या तेवढी वाढवितो. पाहणे आणि मारणे यांच्यामध्ये विवेकाला उभे राहण्यापुरती जागा ज्या साधनात उरते ते घ्यावे, ज्यात ती उरत नाही ते टाकावे; आणि एवढे करूनही मारलेल्या जीवाचा हिशेब आपल्याच नावे लिहिलेला आहे, हे निवड करणाऱ्याने विसरू नये.