आवरण

राजवाडी होळीसाठी ख्यात असलेल्या सातपुड्यातील काठी गावी, माघी अमावास्येच्या निबिड अंधारात, वारंवार भिंगावरचे दव पुसत मृगनक्षत्राकडे रोखलेल्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर, डोळ्यांस जिथे निव्वळ काळोख भासत होता तिथेच हायड्रोजनचे आरक्त वलय उमटले, तेव्हा प्रत्यक्षप्रमाणावरील माझा भरवसा डळमळला. कारखान्यात संवेदकापुढे बसवलेली गाळणी ६५६.३ नॅनोमीटरच्या त्या तांबड्या प्रकाशास बहुतांशी मज्जाव करते. ती काढून टाकली होती, इतकेच. यंत्राने नवे काही निर्मिले नव्हते. जे होतेच, त्यास दाखल होण्याची मुभा मिळाली. वेदान्तातील अविद्येचे आवरणही असेच असावे काय? मला तसे वाटते. मात्र ते दूर करण्यास हत्यारे पुरत नाहीत. होळीच्या पौर्णिमेस हे वलय चांदण्यात लोपते; वाचकाने पंधरवडाभर आधी यावे.