माळ्यावरची लोकर

'कधीतरी करू' म्हणून माळ्यावर जपलेल्या लोकरीच्या गुंड्यांना कसर लागते. फॅब्रिक रंग बाटलीतच सुकतात. रेशमाच्या लडी उन्हाने विटतात, कमजोर होतात. म्हणून सामान कामाचं आहे तोवरच ते द्यावं, असं मला मनापासून वाटतं. दोरा दोन्ही हातांनी ओढून पाहा. तटकन तुटला तर टाकून द्या. टिकला तर शिवणक्लासला जाणाऱ्या एखाद्या मुलीला तो आजच उपयोगी पडेल. आईने अर्धवट विणलेला स्वेटर मात्र खुशाल ठेवा, त्याचा हिशोब वेगळा. आणि कापडाचे तुकडे? गोधडी शिवणाऱ्या बायका जुन्या लुगड्याच्या थरांवर असेच रंगीत तुकडे मांडून बारीक धावदोरा घालतात. ओळखीत कुणी असेल तर विचारा, पिशवी लगेच रिकामी होईल.