फोन तसाच दिसतो, मग बिघडले काय?

दर सप्टेंबरला नवा आयफोन बाजारात येतो आणि त्याच्या पाठोपाठ एक ठरलेली तक्रारही येते: हा तर मागच्या वर्षीसारखाच दिसतो, मग घ्यायचा कशाला? २०२५ मध्ये ही कुरकुर थोडी मावळली. प्रो मॉडेलची पाठ बदलली, कॅमेऱ्यांचा पट्टा फोनच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरला, झळझळीत नारिंगी रंग आला. विक्रीच्या पहिल्या दिवशी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या दुकानाबाहेर रांगेत धक्काबुक्कीही झाली. कुरकुर करणारे आणि रांग लावणारे वरवर एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, पण पुष्कळदा दोघांचे गृहीत एकच असते. कंपनीने रूप बदलले की फोन घ्यायला कारण मिळते, आणि नाही बदलले की मिळत नाही. हे गृहीतच मुळात उफराटे आहे. नवा फोन घेण्याचे कारण हातातल्या जुन्या फोनमध्ये शोधायचे असते. ते नव्या फोनच्या पाठीवर शोधणारा ग्राहक खरे तर कंपनीला सांगत असतो की माझ्या समाधानाला दरवर्षी एकदा धक्का द्या.

ही सवय फोनच्याही आधीची आहे. हेन्री फोर्ड यांची मॉडेल टी मोटार १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींवर खपली आणि तिचे रूप फारसे बदलले नाही. तिला मागे टाकले ते जनरल मोटर्सने. त्या कंपनीचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी दरवर्षी मोटारीला नवे रूप देण्याची पद्धत रुळवली आणि १९२७ मध्ये हार्ली अर्ल यांच्या हाताखाली त्यासाठी वेगळा विभागच उघडला. पत्रा, रंग आणि दिव्यांची ठेवण बदलायची, आतली यंत्रणा बरीचशी तीच ठेवायची. गेल्या वर्षीची गाडी धडधाकट असली तरी शेजाऱ्याच्या नव्या गाडीपुढे ती जुनाट दिसली पाहिजे, हा त्यामागचा हिशेब होता. ब्रूक्स स्टीव्हन्स या अमेरिकी डिझायनरने १९५४ पासून या धोरणाचे उघड समर्थन केले. गरज पडण्याच्या थोडे आधीच माणसाला नवी वस्तू हवीशी वाटली पाहिजे, हे त्याच्या लेखी चांगल्या धंद्याचे लक्षण होते. निदान त्याने ते लपवले तरी नाही. आज हीच मागणी ग्राहक आपणहून करतो आणि ती पुरी झाली नाही की कंपनीला आळशी ठरवतो.

आता आकडे पाहू, कारण रूप बदलले नाही तर माणसे फोन घेत नाहीत, असा दावा सर्रास केला जातो. पूर्वी ॲपल विकलेल्या फोनची संख्या जाहीर करत असे. २०१४ च्या शरद ऋतूत आयफोन ६ आला आणि २०१५ च्या आर्थिक वर्षात सुमारे २३.१ कोटी फोन खपले. पुढचा ६ एस हुबेहूब तसाच होता. २०१६ मध्ये विक्री २१.२ कोटींवर उतरली. इथे रूपवादी मंडळी टाळी मागतील. पण ६ चे खरे आकर्षण मोठा पडदा हे होते. चार इंचांवरून ४.७ आणि ५.५ इंचांवर झालेली ती उडी डोळ्यांना आणि बोटांना जाणवणारी होती. ती नटवण्याची गोष्ट नव्हती, वापराची होती. पुढचे दोन आकडे तर अधिक बोलके आहेत. आयफोन ७ पुन्हा बराचसा त्याच साच्यातला होता, तरी २०१७ मध्ये विक्री २१.७ कोटी झाली. मग आला आयफोन १०. बटण गेले, पडदा कडेपर्यंत भिडला. त्या दशकातला तो सर्वांत ठळक रूपबदल म्हणावा लागेल. २०१८ मध्ये विक्री झाली २१.८ कोटी, म्हणजे जवळपास जागच्या जागी. उत्पन्न मात्र चांगलेच वाढले, कारण त्या फोनची किंमत अमेरिकेत ९९९ डॉलरपासून सुरू होत होती. नव्या रूपाने गिऱ्हाइके फारशी वाढली नाहीत, दर वाढला.

त्याच सुमारास एक प्रयोग कोणी न ठरवता घडून गेला. बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनचा वेग आपण सॉफ्टवेअरमधून कमी करतो, असे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले. फोन अचानक बंद पडू नये म्हणून हे करतो, असे कंपनीचे म्हणणे होते. लोक संतापले, आणि कंपनीने २०१८ हे वर्षभर बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. जानेवारी २०१९ मध्ये ॲपलचे प्रमुख या नात्याने टिम कुक यांना गुंतवणूकदारांना पत्र लिहून तिमाहीच्या उत्पन्नाचा अंदाज ८४ अब्ज डॉलरपर्यंत खाली आणावा लागला. आधीचा अंदाज ८९ ते ९३ अब्जांचा होता. त्यांनी मुख्य दोष चीनच्या मंदावलेल्या बाजाराला दिला, हे खरे. पण कारणांच्या यादीत स्वस्तात बदलून मिळालेल्या बॅटऱ्याही होत्या. म्हणजे नव्या फोनकडे वळू पाहणाऱ्या अनेकांना प्रत्यक्षात हवी होती ती एक ताजी बॅटरी. ती माफक दरात मिळताच त्यांची नव्याची ओढ ओसरली.

उलट रूपाच्या हट्टाला कंपनी शरण गेली की काय होते, तेही २०२५ मध्ये दिसले. सॅमसंगचा एस २५ एज फक्त ५.८ मिलिमीटर जाडीचा. हातात घेतला की नवल वाटते, यात शंका नाही. पण तेवढ्याच ६.७ इंची पडद्याच्या एस २५ प्लसमध्ये ४,९०० एमएएचची बॅटरी आहे, तर एजमध्ये ३,९००. प्लसला मागे तीन कॅमेरे, एजला दोन. आणि अमेरिकेतली किंमत मात्र एजचीच शंभर डॉलरने जास्त होती. रूपासाठी जादा पैसे मोजून कमी काम करणारी वस्तू घ्यायची, यालाच नावीन्य म्हणायचे असेल तर तो शब्द फार स्वस्त झाला आहे.

यावर पहिला आक्षेप सौंदर्याचा. माणूस केवळ उपयोगावर जगत नाही, दिवसभर हातात राहणारी वस्तू देखणी असावी असे वाटण्यात गैर काय? काहीच नाही. पण देखणेपणा आणि नवेपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. देखणी वस्तू पाच वर्षांनीही देखणीच राहते. बारा महिन्यांत डोळ्यांना सलू लागते ती केवळ नवी असते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. रूप न बदलण्याची मुभा दिली की कंपन्या सुस्तावतात, आणि महाराष्ट्राने ते पाहिलेलेही आहे. बजाजची चेतक स्कूटर दशकानुदशके जवळपास त्याच अवतारात खपत होती आणि तिच्यासाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. पण तिथे दुखणे परवाना पद्धतीचे आणि स्पर्धेच्या अभावाचे होते. नवा पत्रा ठोकून ते बरे झाले नसते. सुस्ती ओळखायची असेल तर यंत्राच्या आत पाहावे लागते. बाहेरून सारखे दिसणारे चार वर्षांच्या अंतराचे दोन आयफोन आतून बरेच वेगळे असतात, आणि चार वर्षांनी फोन बदलणाऱ्याला तो फरक जाणवतोही. दरवर्षी बदलणाऱ्याला जाणवत नाही, आणि तक्रार तोच सर्वांत मोठ्याने करतो.

जुना फोन कोणाच्या तरी उपयोगी पडतोच, हा युक्तिवाद अर्धा खरा आहे. आपल्याकडे वापरलेल्या फोनचा बाजार मोठा आहे आणि त्यामुळे अनेकांच्या हाती चांगला फोन पडतो, हे मान्य करायलाच हवे. मात्र हा फेरा चालू ठेवण्यासाठी वरच्या टोकाला नवा फोन घडवावाच लागतो. ॲपलच्याच पर्यावरण अहवालांनुसार आयफोनच्या संपूर्ण आयुष्यातल्या कार्बन उत्सर्जनाचा सुमारे चार-पंचमांश भाग त्याच्या निर्मितीतच होऊन जातो. वर्षानुवर्षे चार्जिंग केल्याचा वाटा त्यापुढे किरकोळ. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा तयार झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेला. त्या ढिगात फोनपेक्षा मोठी धुडे पुष्कळ आहेत. पण धडधाकट असताना, केवळ दिसायला जुनी झाली म्हणून बाजूला पडणारी वस्तू शोधायची तर फोनचे नाव आधी घ्यावे लागेल. 'माझे पैसे, माझी मर्जी' हे उत्तर इथे अपुरे पडते, कारण कचऱ्याचा भार पैसे देणाऱ्यावर पडत नाही. तो भंगारातल्या तारा जाळून तांबे काढणाऱ्याच्या फुफ्फुसांवर पडतो. आणि नो-कॉस्ट ईएमआयवर घेतलेल्या फोनच्या बाबतीत तर ते 'माझे पैसे' अजून मिळवायचेच असतात.

मग कंपन्यांकडे काही मागायचेच नाही का? अवश्य मागावे, पण नेमके मागावे. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नियमच केला: फोनची बॅटरी ८०० चार्जिंग-चक्रांनंतरही किमान ८० टक्के क्षमता राखणारी हवी, महत्त्वाचे सुटे भाग मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही सात वर्षे मिळायला हवेत, सॉफ्टवेअर अपडेट विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षे. गुगल आणि सॅमसंग आपल्या महागड्या फोनना सात वर्षे अपडेट देऊ लागले आहेत. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले आणि २०२४ मध्ये दुरुस्ती-सुलभतेला गुण कसे द्यायचे हे ठरवायला समिती नेमली. पण दुकानातल्या खोक्यावर ते गुण छापले जावेत यासाठी ग्राहकांचा रेटा लागेल, आणि तो रंगाच्या चर्चेतून येणार नाही. येत्या दसरा-दिवाळीला फोन घ्यायला निघालात तर काउंटरवर दोनच प्रश्न विचारा: याला सुरक्षा अपडेट कोणत्या सालापर्यंत मिळतील, आणि तीन वर्षांनी बॅटरी बदलायला किती रुपये पडतील? उत्तर देता आले नाही तर आधी जुन्याच फोनच्या बॅटरीचा दर काढून या.