दिवाणखान्यातला समुद्र



गेल्या महिन्यात आपल्याच धर्मग्रामातील एका नवीन घराला आशीर्वाद द्यायला गेलो होतो. हॉलमधील एक अख्खी भिंत मोकळी ठेवलेली होती आणि तिच्यापुढे लोखंडी अँगलचे भक्कम स्टँड उभे होते. मला वाटले, आल्तारसाठी असावे. तसे बोलून दाखवताच सगळे हसू लागले. “नाही फादर, इथे समुद्र येणार आहे,” घरातला मोठा मुलगा म्हणाला. तो जहाजावर नोकरी करतो. परदेशातील बंदरांत त्याने खाऱ्या पाण्याची मोठमोठी मत्स्यालये पाहिली होती आणि तसे एक आपल्या घरी करायचे त्याच्या मनाने घेतले होते.

चहा होईपर्यंत त्याने मला आपली वही दाखवली. इतकी नीट आखलेली वही मी सेमिनरीतही पाहिली नव्हती. टाकी सहा फूट लांब, अडीच फूट रुंद, अडीच फूट उंच. तिच्यात सुमारे हजार लिटर पाणी मावणार, म्हणजे नुसत्या पाण्याचे वजनच एक टन. त्यात काच, वाळू आणि दगड धरले की वरच्या मजल्याचा विचारच नको. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्या हिशेबाने सुरुवातीलाच ३५ किलो खास बनवलेले मीठ लागणार आणि ते आरओच्या शुद्ध पाण्यात विरघळवायचे. तापमान २५-२६ अंशांच्या आसपास ठेवायचे म्हणून पाणी थंड करणारे यंत्र हवे, कारण आपला मे महिना माशांनाही मानवत नाही. लाटांसाठी पंप, सूर्याऐवजी दिवे, फेसाबरोबर घाण बाहेर काढणारे स्किमर, खाली दुसरी टाकी, आणि लाईट गेली तर इन्व्हर्टर.

“मग मासे कधी सोडणार?” मी विचारले.

“निदान सहा आठवडे तरी नाही, फादर.”

त्याचे कारणही त्याने समजावून सांगितले. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो, तो विषारी असतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, ते पुष्कळच कमी घातक असते. हे न दिसणारे कामकरी दगडात आणि वाळूत स्थिरावेपर्यंत नुसती वाट पाहायची आणि पाणी तपासत राहायचे. मी मनात म्हटले, हा तर आगमनकाळच झाला.

आणखी एक गोष्ट तो सहज बोलून गेला. टाकीतले पाणी वाफ होऊन उडते, मीठ मात्र मागे राहते. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. “समुद्र राखायचा तर रोज गोडे पाणी लागते, फादर.” हे वाक्य माझ्या डोक्यात राहिले.

निघताना त्याची आई दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, “फादर, एवढे पैसे माशांवर घालवणे पाप तर नाही ना?” या वेळी कुणी हसले नाही. मी म्हणालो, “विचार करून सांगतो.” त्या कुटुंबाच्या परवानगीने हा विचार आज तुमच्यापुढे ठेवत आहे.

पहिला प्रश्न असा, की माणसाने समुद्राचा तुकडा घरात आणावाच का? उत्पत्तीच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात देव माणसाला समुद्रातील माशांवर सत्ता देतो, हे आपल्याला पाठ आहे. पण दुसऱ्याच अध्यायात तो माणसाला बागेत ठेवतो ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी, हे आपण विसरतो. वाडीत राबलेल्या माणसाला हा फरक शिकवावा लागत नाही. केळीवर आपली सत्ता असते, पण केळ आपला हुकूम ऐकत नाही. तिला पाणी हवे तेव्हाच द्यावे लागते. ज्याची सत्ता आहे तोच पहाटे उठतो.

या मुलाची टाकीही त्याला हेच शिकवेल. पैशाने सगळी यंत्रे येतील, पण पाण्याचा तोल पैशाने येत नाही. ईयोबाच्या पुस्तकात देव ईयोबाला विचारतो, की समुद्राला दारे लावून कुणी अडवले, आणि इथवरच ये असे त्याला कुणी बजावले? आपण हजार लिटरला दारे लावायला जातो, तेव्हा त्या प्रश्नाचे वजन कळते. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात ‘बायोस्फिअर २’ नावाचे एक प्रचंड काचघर बांधले गेले. त्यात रान होते, शेती होती, प्रवाळांसह एक छोटा समुद्रही होता. १९९१ ते १९९३ अशी दोन वर्षे आठ माणसे त्यात बंद राहिली. परंतु आतला प्राणवायू २१ टक्क्यांवरून सुमारे १४ टक्क्यांपर्यंत उतरला आणि शेवटी तो बाहेरून पुरवावा लागला. अब्जावधींचा खर्च आणि नामवंत तज्ज्ञ असूनही आठ जणांपुरती सृष्टी चालवता आली नाही. नम्रता शिकवणारी गोष्ट वाईट कशी म्हणावी?

शिवाय कुतूहल हे पाप नाही. संत थॉमस अक्वायनस सांगतात, की देवाचा चांगुलपणा एकाच प्राण्यातून पुरता प्रकट होऊ शकत नाही, म्हणून त्याने नाना प्रकारची सृष्टी घडवली. आता प्रवाळच पाहा. तो दिसतो दगडासारखा किंवा झाडासारखा, पण आहे प्राणी. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. शैवाल सूर्यप्रकाशात अन्न बनवून त्याला देते, आणि प्रवाळ त्याला आसरा देतो. अशा इवल्या जिवांनी मिळून समुद्रात मैलोन् मैल भिंती बांधल्या आहेत. हे डोळ्यांनी पाहून एखाद्या मुलाच्या तोंडून देवाची स्तुती निघाली, तर त्या टाकीने धर्मशिक्षणाच्या वर्गाचे काम केले असे मी म्हणेन.

परंतु इथेच दुसरा आणि अवघड प्रश्न उभा राहतो. प्रेमसुद्धा लुबाडू शकते का?

फिलिप हेन्री गॉस हे एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमधील निसर्ग-अभ्यासक अत्यंत श्रद्धाळू ख्रिस्ती होते. देवाची समुद्रातील करणी लोकांना दिसावी ही त्यांची तळमळ. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय सुरू झाले, त्यात त्यांचा हात होता. १८५४ साली त्यांनी ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक लिहिले आणि तो शब्द घरोघरी पोहोचला. लोक वेडावले. बरण्या आणि जाळी घेऊन समुद्रकिनारी झुंडी लोटल्या. काही वर्षांतच डेव्हनच्या किनाऱ्यावरील खडकांतली ती जिवंत डबकी ओरबाडून निघाली. आपल्याच पुस्तकांनी ही लूट ओढवली याचे वडिलांना किती दुःख झाले, हे त्यांच्या मुलाने १९०७ साली आपल्या आत्मकथनात लिहून ठेवले आहे. गॉस यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांनी एकच गोष्ट धरली नव्हती: जे मला करावेसे वाटते ते हजारांना करावेसे वाटले तर काय होईल?

आज हा प्रश्न अधिक टोकदार आहे. शोभेचे बहुतेक समुद्री मासे अजूनही खऱ्या समुद्रातूनच पकडले जातात. फिलिपिन्स आणि इंडोनेशियात त्यांना गुंगवण्यासाठी सायनाइड फवारल्याचे प्रकार घडले आहेत. त्यात मासा वाचलाच तर प्रवाळ मरतो. पाणी फार तापले की प्रवाळ आपल्या अंगातले शैवाल बाहेर टाकतो आणि पांढराफटक पडतो. २०२४ च्या उन्हाळ्यात लक्षद्वीपला हे मोठ्या प्रमाणावर घडले. भारतात खडक बांधणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत, बसवलेले आहे. ते समुद्रातून काढणे किंवा विकत घेणे हा गुन्हा आहे. पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात प्रवाळांच्या नाशाबद्दल दुःख व्यक्त केले होते. म्हणून बाजारात गुपचूप मिळते आणि सगळेच घेतात, हे उत्तर ख्रिस्ती माणसाला पुरेसे नाही.

तिसरा प्रश्न आईचा, पैशांचा. आपला कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ (क्र. २४१८) दोन गोष्टी एका दमात सांगतो. प्राण्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही. आणि जो पैसा आधी माणसांचे दुःख हलके करायला जायला हवा, तो प्राण्यांवर उधळणेही शोभत नाही. किती पैसे म्हणजे उधळपट्टी, याचा आकडा चर्चने दिलेला नाही, आणि मीही देणार नाही. मी फक्त एक कसोटी सुचवतो. त्या टाकीची किंमत घरकामाला येणाऱ्या बाईसमोर न अडखळता सांगता आली पाहिजे. जीभ अडखळली, तर ती का अडखळली याचा विचार रात्रीच्या प्रार्थनेत करावा.

एवढे लिहून मी थांबणार होतो. पण त्या घरातल्या आजीचे एक वाक्य मला थांबू देईना. सगळे वही पाहत असताना ती खुर्चीवरून म्हणाली होती, “फादर, आता बसलाय ना तुम्ही, तिथेच आपले बावखल होते.”

बावखल म्हणजे काय, हे वसईच्या माणसाला सांगायला नको. पावसाचे पाणी त्यात साठायचे, जमिनीत मुरायचे आणि रहाटाने वाडीला मिळायचे. ते मुरलेले गोडे पाणीच जमिनीखाली खाऱ्या पाण्याला रेटून धरत असे. आपण एकामागून एक बावखले बुजवली, विहिरींतून आणि बोअरमधून उपसा मात्र वाढवला. आता कितीतरी विहिरींचे पाणी मचूळ लागते. समुद्र राखायला रोज गोडे पाणी लागते, हे जे त्या मुलाला टाकीबाबत कळले, ते आपल्या जमिनीबाबत आपल्याला का कळले नाही?

‘आपल्याला’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. मी आधी ज्या धर्मग्रामात होतो, तिथे चर्चच्या आवारात एक बावखल होते. त्यात कचरा साचला होता, डास व्हायचे. सणाला गाड्या लावायला जागा नव्हती. ते बुजवून पेव्हर ब्लॉक बसवण्याच्या ठरावावर मी सही केली. त्यात किती बेडूक होते, किती मासे होते, मी मोजले नाहीत. त्या मुलाने निदान आपल्या टाकीतल्या प्रत्येक जिवाचा हिशेब वहीत मांडला आहे. त्याला उपदेश करण्याआधी ही कबुली देणे मला आवश्यक वाटले.

गेल्या आठवड्यात तो मुलगा भेटला. टाकी लहान करणार नाही, असे त्याने स्पष्टच सांगितले. मात्र प्रवाळ आणणार नाही. दगड कृत्रिम घेणार, आणि मासे पैदास केंद्रात जन्मलेलेच, म्हणजे मुख्यतः क्लाउनफिश. आपल्या देशात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचे तंत्र विकसित केले आहे. आणि घराच्या छपराचे पावसाचे पाणी तो विहिरीत सोडणार आहे. ही शेवटची कल्पना आजीची. आईला मी सांगितले, की पाप टाकीत नसते. एका समुद्राची काळजी घेताना दुसरा विसरलो, तर ते तिथे असते.

आता आपली पाळी. आपल्या चर्चच्या छपराचे पाणी आजही थेट गटारात जाते. ते चर्चच्या विहिरीत कसे सोडता येईल, यासाठी पुढील रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर पाळकीय परिषदेची सभा ठेवली आहे. प्लंबिंगचे काम करणाऱ्या आणि जुनी बावखले कुठे होती हे आठवणाऱ्या सर्वांनी अवश्य यावे. आजीही येणार आहे.

प्रभूमध्ये आपला,
धर्मगुरू